खोबरेल वितळेपर्यंत

काकूंचा मेसेज आला तेव्हा मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत होते. ‘काका सकाळी गेले. झोपेतच. या शनिवारी अभ्यासाला येऊ नकोस.’ मी ‘ओके’ असं उत्तर लिहिलं आणि समोरचं गणित पूर्ण केलं. ते बरोबरही आलं. त्याला आता महिना होऊन गेला... मला अजून रडू आलेलं नाही.

श्रीधरकाका आमच्या नात्यातले नव्हेत. इथल्या पिस्कॅटवे गावातल्या ज्या इंडियन ग्रोसरीत माझे बाबा काम करतात, तिथले ते नेहमीचे गिऱ्हाईक. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, आणि घर म्हणजे एका बेडरूमचं अपार्टमेंट, त्यात आम्ही चौघं. बाबांनी ते कधीतरी बोलून दाखवलं असावं. काका त्यांना म्हणाले, आमचं बेसमेंट रिकामं आहे, पोरीला शनिवारी पाठवत जा.

रिकामं ते नव्हतंच. तिथे शाळेच्या सेलमधून आणलेला जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर होता, रेकॉर्ड प्लेअर होता, आणि एकाच इंग्लिश बँडच्या रेकॉर्ड्स होत्या. काकांनी तो बँड पुण्यात, कॉलेजात असताना, एका मित्राच्या घरी पहिल्यांदा ऐकला. गिटारवर एकच सूर कितीतरी वेळ आणि मागे यंत्रांचे वाऱ्यासारखे आवाज, अंतराळात निघालेल्या यानात बसल्यासारखं. याला स्पेस रॉक म्हणतात आणि ते सुरू करणाऱ्यांत हे लोक पहिले, हे मला तिथेच कळलं. त्यांच्या कार्यक्रमात म्हणे भिंतीभर रंग वाहायचे. काकांना तो कार्यक्रम कधी बघायला मिळाला नाही, म्हणून त्यांनी तो बेसमेंटमध्येच केला. काचेच्या दोन बशा एकीवर एक, मध्ये खाण्याचा रंग घातलेलं पाणी आणि खोबरेल, खाली प्रोजेक्टरचा दिवा. वरची बशी तालावर दाबली की भिंतीवर रंग फुटायचे.

पण इथल्या थंडीत खोबरेल गोठतं. दुसरं तेल वापरून बघा ना, असं मी एकदा भीत भीत सुचवलं. काका म्हणाले, “ते आधीच पातळ असतं. मग तू माझं ऐकून कशाला घेशील?” दिवा लावायचा आणि तेल वितळेपर्यंत बँडचा इतिहास सांगायचा, दर शनिवारी थोडा थोडा, ही त्यांची पद्धत. लंडनच्या एका स्वस्त वस्तीत जमलेली पोरं. एका मोठ्या महोत्सवाला तिकीट होतं, तर हे कुंपणाबाहेर फुकट वाजवत बसले. वादक येत राहिले, जात राहिले. सुरुवातीचा एक गिटारवाला तेवढा टिकला, म्हातारा होईपर्यंत. तेल पातळ झालं की काका वाक्य अर्धवट टाकून रेकॉर्ड लावत. वरून काकूंचा आवाज येई, “झाला का मिक्सर सुरू?” आणि काका खालून, “चटणी झाली की पाठवतो.”

या कॉलेजात मी चुकून आले आहे असं मला पुष्कळदा वाटतं. ते मी काकांना एकदाच सांगितलं. पुढच्या शनिवारी त्यांनी कुंपणाचीच गोष्ट पुन्हा सांगितली. सांगून झाल्याचं विसरले असतील, असं मला तेव्हा वाटलं...

गेल्या शनिवारी काकूंनी बोलावलं. त्या आता मॉरिसव्हिलला मुलाकडे राहायला चालल्यात. रेकॉर्ड्स मुलगा नेणार, प्रोजेक्टर मला. “तेवढ्या बशा धुऊन घे गं,” त्या म्हणाल्या आणि माझ्यामागून पायऱ्या उतरल्या. त्यांना बेसमेंटमध्ये मी कधी पाहिलं नव्हतं.

बशा प्रोजेक्टरवरच होत्या. तेल पांढरं घट्ट झालेलं, त्यात निळा ओघळ आणि काही लाल ठिपके, काकांनी शेवटचा हात उचलला तिथेच थांबलेले. मी त्यांना हात लावला नाही. ते तसंच घरी न्यावं असं वाटत होतं, पण गाडीच्या हीटरने ते वितळलंच असतं. काकूंनी विचारलं, हे इथे नेमकं करायचे तरी काय? मी सांगितलं. त्यांनीच दिव्याचं बटण दाबलं.

भिंतीवर नुसता काळा गोल पडला. काकू काकांच्या खुर्चीत बसल्या.

“आता?”

“आता थांबायचं. वितळेपर्यंत काका सांगायचे.”

“मग सांग की.”

मला चारचौघांत बोलता येत नाही, वर्गातही नाही. “लंडनला एक स्वस्त वस्ती होती, काकू,” मी म्हणाले. पुढचं मग येत गेलं. गोलाच्या कडेला उजेडाची रेघ उमटली. काकांचा निळा ओघळ हलला, पसरला, आणि मग तो ओळखू येईना. तेल पातळ झालं होतं. मी सवयीने वाक्य अर्धवट टाकलं आणि रेकॉर्डकडे हात नेला.

“थांब,” काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या, “आधी ते कुंपणाबाहेरचं पूर्ण कर.”