छातीत दुखत असताना मी साडी शोधत होते

मैत्रिणींनो, नारायणगावच्या दवाखान्यातून लिहितेय. आता बरी आहे, देवाची कृपा.

सकाळी पूजा करताना छाती आवळून आली, दरदरून घाम फुटला. पित्त असेल म्हणून आरती पुरी केली. मग डावा हातही भरून आला. दवाखान्यात जायचं ठरलं, तर मी कपाटात चांगली साडी शोधत बसले.

थोरल्या जाऊबाई दारातून ओरडल्या, "लग्नाला निघालीस का गं? बस गाडीत!"

"अहो, ही लई मळलीय."

"मळू दे. तिथं काय तुला बघायला पावणं येणार हायेत?"

ईसीजी काढला. हार्ट अटॅकच होता. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

साडीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. तुम्हीही अशाच आधी आवरत बसता का गं?

आत्ताच जाऊबाईंनी ती चांगली साडी आणून उशाशी ठेवली. म्हणाल्या, "घरी येताना नेस."