करपलेला गूळ आणि एक बाटली वाईन

नाशिकहून एसटीनं निघालो तेव्हा वाईनची बाटली टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होती. दोन हजार पाच सालचा डिसेंबर होता. बाटली माझ्या भाच्यानं, सुधीरनं दिलेली. तो नाशिकला वाईनच्या कारखान्यात कामाला. राधानगरी रस्त्यावरचं वडिलांचं गुऱ्हाळ सोडून तो 'दारूत गेला' म्हणून तीन वर्षं बापलेकांत बोलणं नव्हतं.

"मामा, बाबांना एक घोट द्या. मी काय करतो ते त्यांना कळू दे," तो म्हणाला होता. "फक्त गोडाबरोबर देऊ नका."

सातारा सुटल्यावर शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पावणं, मांडीवर देव हाय व्हय?"

"औषध आहे," मी म्हणालो. पन्नाशी उलटली तरी मला धड खोटं बोलता येत नाही. त्यानं टॉवेलातून डोकावणारी बाटलीची मान पाहिली. "मग जपून न्या की," म्हणून डोळे मिटले.

कोल्हापुरात गाडी बदलली. दोन्हीकडे ऊस आणि मधूनमधून गुऱ्हाळांचा धूर. घरी पोचलो तर माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, बासुंदी आटवून ठेवलेली. दारातच तिनं हळूच विचारलं, "बरा हाय न्हवं त्यो?"

मी कारखान्यात एकदा अर्धा तास वाईन चाखली होती. तेव्हापासून निदान माझ्या मते तरी मी जाणकार. सुधीरची सूचना ऐकली होती, पण लाडाची वस्तू गोडाबरोबरच द्यावी ही आपली रीत. दाजींनी, म्हणजे सुधीरच्या वडिलांनी, दोन चमचे बासुंदी खाल्ली आणि वर घोट घेतला. त्यांचा चेहरा आक्रसला.

"चिंचंचं पाणी हाय. ह्यासाठी घर सोडलं व्हय त्यानं?"

त्यांनी पेला सरकवला. अक्का वाट्या गोळा करू लागली. तीन वर्षांत पोराकडून आलेली पहिली वस्तू मी वाटीभर बासुंदीत बुडवली होती. तिची नजर चुकवायला बाटली पिशवीत कोंबली आणि दाजींच्या मागून गुऱ्हाळावर गेलो.

दाजी स्वतःच गुळव्या (रस कधी उतरवायचा ते ठरवणारा). काहिलीत (मोठ्या कढईत) रस उकळत होता. ते वाकून बघत, डोळे चोळत, पुन्हा वाकत. मग एकदम जळका वास आला. गड्यांनी काहील उतरवेपर्यंत गूळ काळा पडला होता. गडी दुसऱ्या कामाला लागले.

दाजी माझ्याशेजारी येऊन बसले. "फेसाचा रंग दिसंना मला. वरीस झालं. सुधीर असता तर त्यानं बघितला असता. अक्काला सांगू नगंस."

प्रत्येक काहिलीतला पहिला तुकडा गुळव्यानं चाखायचा असतो. त्यांनी तो करपलेला तुकडाही तोंडात टाकला. मी उरलेली वाईन स्टीलच्या पेल्यात ओतून पुढं केली. त्यांनी नाइलाजानं घोट घेतला. थांबले. पुन्हा तुकडा, पुन्हा घोट.

"हे जमतंय की," ते म्हणाले.

मीही चाखलं. गुळाच्या कडूपणात वाईनचा तुरटपणा मुरला आणि मागून जांभळासारखी चव आली.

"ह्यातली साखर कुठं गेली?"

"आंबवताना सगळी संपवतात."

"संपली का न्हाय त्ये कोण बघतंय?"

"सुधीर. रोज चव घेऊन."

दाजींनी चुलवाणातली (काहिलीखालच्या भट्टीतली) आग सारखी केली. मग म्हणाले, "म्हंजे बसलाय काहिलीपाशीच."

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी वर्तमानपत्रात बांधलेला त्या गुळाचा एक खडा माझ्या हातात दिला. "त्याला दे. का करपला त्ये बी सांग."

परतीला तो खडा मांडीवर होता. या वेळी कुणी काही विचारलं नाही. पन्नास वर्षं मी पाहुण्याला गोड देऊन गप्प करत आलो. कडू वस्तू जपून पोचवायची ही पहिलीच खेप.

सुधीरनं पुडी उघडली, तुकडा जिभेवर ठेवला.

"बाबांच्या हातचा गूळ करपत नाही," तो म्हणाला.

मी दाजींच्या डोळ्यांचं सांगितलं. त्यानं पुडी पुन्हा नीट बांधली आणि विचारलं, "मामा, कोल्हापूरची पहिली गाडी किती वाजता?"