देवाआधी काढलेले मोदक

कॉव्हेंट्रीच्या घरी राहायला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने शेजारच्या कुटुंबाला 'आमिश' ठरवून टाकलं. आमिश अमेरिकेत असतात, इंग्लंडात नसतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण ज्यांच्या घरात टीव्ही नाही, रेडिओ नाही, बायका पायघोळ स्कर्ट घालून डोक्याला रुमाल बांधतात आणि रविवारी उजाडायच्या आत सगळं घर व्हॅनमध्ये बसून प्रार्थनेला निघतं, त्यांना दुसरं काय म्हणावं ते आम्हाला सुचलं नाही. त्यांचा एक छोटासा, जुना, कडक ख्रिस्ती पंथ होता. त्याचं नाव कळल्यावरही आम्ही आपसात आमिशच म्हणत राहिलो. चेष्टेची सवय लवकर लागते.

नवरा हॉस्पिटलमध्ये, मी कौन्सिलच्या ऑफिसात आठवड्याचे तीन दिवस. उरलेले दिवस मी, स्वयंपाकघर आणि मागची बाग. दोन बागांमधलं कुंपण जेमतेम छातीएवढं. पहिल्या सप्टेंबरमध्ये त्यावरून शेजारणीने मला जॅमची बरणी दिली. डॅमसन नावाची आंबट, काळीनिळी फळं त्यांच्या झाडाला लगडलेली असत. बरणी संपली, धुतली, आणि आता ती रिकामी परत कशी द्यायची म्हणून माझ्या जिवावर आलं. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी बरणीत पातळ पोह्यांचा चिवडा भरला. आठवड्याने अंडी आली, घरच्या कोंबड्यांची. मग मी स्टीलच्या डब्यात शंकरपाळे दिले आणि डब्यातून अख्खा पाव परत आला, अजून कोमट असलेला.

असं ते सुरू झालं. लिंबाच्या लोणच्याला ऱ्हुबार्बचे आंबट लाल देठ, नारळाच्या वड्यांना लोणी. ती माझ्याच वयाची, पाच मुलांची आई, आणि घरात सासू. दोघींची बोलणी कुंपणापाशीच व्हायची, अर्थात इंग्रजीत, पण आठवताना मला ती मराठीतच आठवतात. दर वेळी मी विचारायची, "कसं झालं होतं?" आणि ती खरं सांगायची. लोणचं तिला झेपलं नव्हतं. तिने तसं तोंडावर सांगितलं, मुलांनी पाणी पिऊन पिऊन पोट फुगवून घेतलं म्हणाली. मला तिचं हेच आवडायचं. परदेशात सगळेच तुमच्या जेवणाला छान छान म्हणतात, आणि नंतर तुमच्याकडे जेवायला येत नाहीत.

तीही आली नाही. पहिल्या हिवाळ्यात मी तिला चहाला बोलावलं तेव्हा तिच्या गळ्यापर्यंत लाली चढली. ज्यांच्याबरोबर आम्ही प्रार्थना करतो त्यांच्याबरोबरच खाण्यापिण्याला बसतो, म्हणाली. तू दिलेलं आमच्या घरी खाईन, पण तुझ्याबरोबर एका टेबलाशी बसून नाही. मी "इट्स फाइन" म्हटलं आणि घरात येऊन भांडी आपटली. खरं तर मला हे कळायला जड जायला नको होतं. माझ्या सासूबाईंच्या घरी सोवळ्यात स्वयंपाक चालायचा आणि त्या वेळात नातवंडांनासुद्धा शिवायची बंदी होती. पण आपण पाळतो ते वळण आणि दुसऱ्याने पाळलं की तो आपला अपमान.

त्या हिवाळ्याच्याही आधी, पहिल्या गणपतीत मी तिला हॉलच्या खिडकीतून मखर दाखवलं, फुलं दाखवली, कुंकवात कालवलेले लाल तांदूळ दाखवले. मग नैवेद्यानंतर द्यायचा मोदकांचा डबा दाखवला तर तिने विचारलं, "हे मूर्तीपुढे ठेवलेलं आहे का?" त्या वर्षी नैवेद्य अजून व्हायचा होता, मी तसं सांगितलं. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न त्यांना चालत नाही, त्यांच्या ग्रंथातच तसं आहे, हे तिने मला नीट समजावून सांगितलं. मी म्हटलं, काही हरकत नाही, तुझे मी दर वेळी आधी काढून ठेवत जाईन.

हे मी किती मोठं कबूल करून बसले होते ते तिला कधी कळलं नसावं. नैवेद्य दाखवल्याशिवाय पातेल्यातलं काही चाखायचंही नाही, या शिस्तीत मी वाढलेली. त्यासाठी लहानपणी पाठीत धपाटे खाल्लेले. तरी दर वर्षी अकरा मोदक मी आधी बाजूला काढायचे, देवाची माफी मागायचे आणि मगच ताट वाढायला घ्यायचे. डबा देताना तिचा एकच प्रश्न असायचा, "आधी काढलेले ना?" मी हो म्हणायचे आणि ते खरं असायचं. अशी चार वर्षं गेली.

मधल्या एका फेब्रुवारीत माझे वडील पुण्यात वारले. मला जाता आलं नाही. ती बातमी कळताच आली, माझ्या किचनमध्ये बसली, दोन तास माझा हात हातात धरून बसली. मी तिच्यापुढे चहा ठेवला होता. माझ्याबरोबर ती रडली, पण कपाला हात लावला नाही. पुढचे आठ दिवस रोज दारात सूपचं पातेलं ठेवून जायची. आज लिहायला लाज वाटते, पण त्या सूपपेक्षा तो गार झालेला कप माझ्या जास्त लक्षात राहिला. मनात अढी बसली ती बसलीच.

पाचव्या वर्षी सासूबाई गणपतीसाठी आल्या. मी नेहमीप्रमाणे अकरा मोदक बाजूला काढायला गेले तर त्यांनी माझा हात धरला.

"हे कुणाचे?"

"शेजारचे, आई. त्यांना आधी काढलेले लागतात."

"अगं, देवाच्या आधी शेजारीण? या घरात असं चालतं?"

मी उचललेला मोदक परत ठेवला. बोलता आलं असतं. नवरा समजुतीने घेणारा होता, सासूबाईंनाही पटवता आलं असतं, निदान शेजारणीला या वर्षी देत नाही असं सांगता आलं असतं. त्यातलं काहीच मी केलं नाही. नैवेद्य झाला, आरती झाली आणि देवापुढच्या ताटातले अकरा मोदक सासूबाईंनी स्वतःच्या हाताने डब्यात भरून दिले. प्रसाद देणं हा त्यांच्या दृष्टीने शेजारणीचा मान होता.

मी डबा घेऊन कुंपणापाशी गेले. तिने झाकण उघडलं, बघितलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आधी काढलेले ना?"

मी म्हटलं, "हो."

घाईत म्हटलं, सासूबाई मागे उभ्या होत्या म्हणून म्हटलं, अशी कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. खरं कारण इतकंच की त्या क्षणी मला आतून बरं वाटलं. खा आता आमच्या देवाचं, असं वाटलं. तिने कधी न घेतलेला तो चहा मी तिला असा पाजला.

हे कुणालाच कधी कळलं नसतं. पण दोनच दिवसांनी मी ऑफिसातून आले तर सासूबाई बागेत खुशीत होत्या. त्यांनी त्यांच्या मोडक्या इंग्रजीत शेजारच्या सासूशी ओळख करून घेतली होती. मी विचारलं, काय बोललात? तर म्हणाल्या, सांगितलं तिला, "गॉड फर्स्ट. देन युवर हाउस. व्हेरी लकी." म्हातारीने हातातली टोपली तिथेच ठेवली आणि ती आत निघून गेली, याचं त्यांना जरा नवल वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यापासून शेजारीण कुंपणाकडे फिरकेना. मग एका संध्याकाळी आमच्या वरच्या बाथरूमच्या खिडकीतून मला दिसलं. त्यांच्या स्वयंपाकघरात मोठ्या टेबलाभोवती सगळे जेवायला बसले होते, आणि ती मागच्या काचेच्या खोलीत, एका स्टुलावर, ताट मांडीवर घेऊन एकटी. दुसऱ्या दिवशीही तेच. धाकटी मुलगी मान वळवून वळवून तिच्याकडे बघत होती आणि म्हातारी तिची मान सरळ करत होती. त्यांच्या पंथात चुकलेल्या माणसाला घरातच ठेवतात, पण कुणी त्याच्याबरोबर जेवत नाही. जी माझ्याबरोबर जेवायला बसत नव्हती तिच्याबरोबर आता तिची पोटची मुलंही बसत नव्हती, आणि हे मी केलं होतं.

तीन दिवस मी ती खिडकी उघडलीच नाही. चौथ्या दिवशी त्यांची बेल वाजवली. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं, की तिने मला विचारलं होतं, मी खोटं बोलले, तिचा यात काही दोष नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तिने आम्हाला सांगितलं आहे की तिला ठाऊक होतं," तो म्हणाला. "तुमची चूक तुमची तुम्ही बघा."

मला वाटलं, ती मला वाचवायला असं म्हणाली असेल. त्या आशेवर मी ऑक्टोबरपर्यंत दिवस काढले. मग एका दुपारी ती कपडे वाळत घालताना दिसली आणि मी कुंपणाशी गेले. तिला माझ्याशी बोलायची परवानगी नव्हती. तिने एकदा घराकडे पाहिलं आणि चिमटे लावत लावत बोलली.

"तुला खरंच माहीत होतं?" मी विचारलं.

"डबा तुझ्यासमोरच उघडला होता. कडेच्या मोदकाला लाल तांदूळ चिकटला होता."

"मग मला विचारलंस कशाला?"

"तू सांगशील म्हणून. तू सांगितलं असतंस तर मी हसून डबा परत दिला असता."

मी विचारलं, "मग खाल्लास कशाला? टाकून द्यायचा होतास."

"मुलांना दिले नाहीत. मी एकच खाल्ला." तिने एक छोटा शर्ट झटकला. "तू दर वेळी विचारतेस, कसे झाले होते. न खाता मी काय सांगणार होते? मला खोटं बोलता येत नाही."

मग ती म्हणाली, "छान झाले होते." आणि रिकामी टोपली उचलून आत गेली.

नाताळच्या सुमाराला तिला टेबलाशी परत घेतलं. आमच्याशी काही देणंघेणं ठेवायचं नाही, ही अट असणार, कारण त्यानंतर तिने आमच्या बागेकडे पाहिलं नाही. दीड वर्षाने नवऱ्याला स्लाऊजवळ नोकरी मिळाली आणि आम्ही ते घर सोडलं. सामान हलवायच्या दिवशी त्यांचे पडदे ओढलेले होते.

आता इथे मराठी मंडळाच्या जेवणावळीत कधी शेजाऱ्यांचा विषय निघाला की नवरा म्हणतो, अगं, ती आमिशांची गोष्ट सांग. मी सांगते, मला ती रंगवून सांगता येते. सासूबाईंचं "गॉड फर्स्ट" आलं की सगळे हसतात, आणि काचेच्या खोलीतल्या स्टुलावर आलं की बायका हळहळतात, एका मोदकापायी काय ही माणसं, म्हणतात. मीही मान हलवते आणि पान वाढायला घेते. मी सांगते त्या गोष्टीत सासूबाई डबा भरतात आणि मी तो कुंपणावरून देते. ती मला काही विचारत नाही.