कुंच्यांचा हवेतला गाळा

गुणवंतराव आमच्या शेजारचे. मुर्धा गावाच्या वाटेवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते नवीन राहायला आले, तेव्हा कुणी विचारलं काय करता, तर छाती पुढं काढून सांगायचे, "दुकानदार." दुकान कुठंय म्हटलं की विषय बदलायचे. लालबागेतलं त्यांचं तान्ह्या बाळांच्या कपड्यांचं दुकान इमारतीबरोबरच पाडलं गेलं होतं. मला आधी त्यांचा रागच यायचा. जे नाही ते मिरवायचं कशाला? पण आत त्यांची बायको गिरिजा अजूनही मशीनवर बसून खणाच्या कुंच्या शिवत असायची. डोक्याला टोपडं, पाठीवर सोडलेली झालर, कडेनं जर. शिवून झालेली कुंची कपाटात जायची, आणि कपाट भरत चाललं होतं. दोघांचाही जीव त्या गेलेल्या दुकानात अडकला होता.

दोन हजार सातच्या सुमाराला नीलमनं त्यांच्या डोक्यात खूळ भरलं. स्टेशनजवळ तिचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. ती म्हणाली, "काका, ऑनलाइन दुकान टाका ना."

झालं! जागा ठरवायला नीलम घरी आली त्या दिवशी मीही चहाला होते.

"होस्टिंग म्हणजे जागा, काका. सर्व्हरवर भाड्यानं घ्यायची."

"म्हणजे गाळा. कोपऱ्यावरचा मिळेल?"

"कोपरा-बिपरा नसतो तिथे. सर्व्हर अमेरिकेत आहे."

"बरं, रस्ता कुठला?"

"रस्ताच नाही, काका. जो उघडेल त्याच्या घरात दुकान."

गुणवंतराव खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर मिठागरात पाणी चमकत होतं आणि पलीकडं मिठाचे पांढरे ढीग उन्हात झोपल्यासारखे पडले होते. तिकडं बघतच ते म्हणाले, "म्हणजे बाळंतीण पलंगावर पडल्या पडल्या माल बघणार. पायरी चढायला नको." हे बोलताना त्यांचा आवाज इतका मऊ झाला की मी टोमणा गिळला.

बाकी व्यवहारात मात्र ते पक्के. नीलम मोठी जागा घ्या म्हणत होती, ते म्हणाले, "कपाटभर कुंच्यांना जागा लागते केवढी? लहान गाळा बस झाला." फोटो मात्र मोठ्यात मोठे हवेत, टाका न् टाका दिसला पाहिजे. कॉम्प्युटर नीलमनं जोडून दिला. दुपारी लाइट जायची म्हणून सोबत यूपीएस. दुकानाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हटल्यावर त्यांना शंका आली, फुकट माल कधी धड असतो का? ती मिटली, तर 'कार्ट' शब्दावर गाडी अडली. "बाळांच्या दुकानात कार्टं?" गिरिजा मशीनवरून खो खो हसली. शेवटी नीलमनं तिथं 'पिशवी' लिहून दिलं.

मॉनिटरला हळद-कुंकू लावून दुकान उघडलं. रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गुणवंतराव कॉम्प्युटरसमोर बसायचे. पडद्यावर एकेक कुंची उमलत जायची. ते मला सांगायचे, "वहिनी, आत्ता कुठंतरी बर्फ पडतोय बघा. एक बाळ जांभई देतंय. त्याची आई आपली हिरवी कुंची बघतेय." दुपार कलायची, खिडकीतला उजेड पिवळा व्हायचा आणि त्या खोलीला जमीन आहे की नाही असं मलाही वाटायला लागायचं. खोटं कशाला बोलू, मीही त्या बाळाची वाट बघायला लागले होते.

ऑर्डर मात्र एकही आली नाही. उन्हाळा गेला, गणपती गेले. ते शर्ट घालून बसायचेच, पण बर्फाचं बोलणं बंद झालं. एका दुपारी गिरिजा बाजारात गेली असताना त्यांनी नीलमला फोन लावला. मी वाटीभर साखर परत करायला गेले होते.

"नीलम, दुकान वाढव आता," ते हळूच म्हणाले.

दुकानदार माणूस दुकान 'बंद केलं' असं अभद्र कधी बोलत नाही. संध्याकाळी फळ्या लावतानाही तो दुकान वाढवतो, आणि कायमचं उठवतानाही वाढवतोच. फोनमधून नीलमचा आवाज मलाही ऐकू आला, "हो काका, मी तेच सांगणार होते!"

त्यांनी फोन ठेवला. "तिलाही तेच वाटत होतं," एवढंच म्हणाले आणि कॉम्प्युटरवर गिरिजाची जुनी ओढणी टाकली. गिरिजाला खरं सांगितलं नाही. यूपीएस बिघडलाय म्हणाले.

आठवड्याभरानं नीलम धावतच वर आली. "काकी, काकांनी सांगितलं तसं दुकान वाढवलं मी! चांगली मोठी जागा घेतली."

गिरिजाचे मशीनवरचे पाय थांबले. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तिला त्या शब्दाचा अर्थ कुणी सांगायला नको होता.

नीलम आपल्या नादात ओढणी काढून कॉम्प्युटर चालू करत होती. "जागा लहान, फोटो एवढे मोठे. लोकांना फोटो दाखवायचा महिन्याचा कोटा चार दिवसांत संपायचा, मग येईल त्याला कोरं पान. तुम्हाला कळलं नाही, कारण तुमच्याच कॉम्प्युटरवर ठेवलेली प्रत तुम्ही उघडत होता. बघा, आता लोक येतायत. पुणे, नाशिक, न्यू जर्सी. सात ऑर्डर!"

गुणवंतराव खुर्चीत बसले. आनंद व्हायच्या ऐवजी त्यांचा चेहरा पडला.

"माणसं येत होती," ते म्हणाले. "मी इथं शर्ट घालून बसलो होतो आणि ती दारातनं परत जात होती."

नीलम गेल्यावर गिरिजा उठली. "मला न विचारता दुकान वाढवायला निघालात?"

ते कसेबसे म्हणाले, "गिरिजा, परत गेली ती बाळं आता मोठी झाली असतील. त्यांच्या डोक्याला आपली कुंची आता बसायची नाही."

माझे डोळे भरले. तिचेही भरले होते, पण ती तशीच वळली आणि नवा खण उलगडून त्याचं एक टोक तिनं नवऱ्याच्या हातात दिलं.

"बाळं काय जन्मायची थांबलीत? धरा नीट."