पक्क्या रंगाची हिरवळ

आमच्या सुरतच्या गोल्फ असोसिएशनचा सेक्रेटरी मी, बँकेतून रिटायर झालेला. सभेत ठरलेलं मिनिट्स बुकात लिहितो. खरं घडलेलं चहाबरोबर सांगतो. या दुसऱ्या प्रकारचा साठा केव्हाच मोठा झालाय!

*

स्थापना झाली पर्वत पाटिया भागात, साड्यांच्या दुकानात, गादीवर मांडी घालून. सात सभासदांपैकी गोल्फ खेळलेले दोन. मी शंका काढली, तर पलसाण्याला कापड रंगवायची डाइंग मिल असलेले जयेशभाई म्हणाले, "रमवानुं पछी शीखीशुं, पहेलां कमिटी बनावो!" म्हणजे खेळणं नंतर, कमिटी आधी.

तेच अध्यक्ष झाले.

*

नऊ होल, नऊ झेंडे. कापड अर्थातच मार्केटमधून आलं. पहिल्या स्पर्धेत पाहुण्यानं विचारलं, "सातवं होल कुठलं?"

"ते काय, बांधणीवालं! जरीकाठाच्या पुढचं!"

*

गवत कापायला भिकनभाऊ आले, मूळचे धुळ्याकडचे. त्यांची मुलगी कविता बघता बघता खेळायला शिकली आणि एका रविवारी तिनं अध्यक्षांनाच हरवलं. जयेशभाईंचा चेहरा पडला.

भिकनभाऊ समजूत घालायला गेले, "शेठ, ती बठ्ठास्ले हरावस!"

सगळ्यांनाच हरवते म्हटल्यावर शेठ खुलले. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी नवं किट घेऊन हजर! मला तेव्हा फार बरं वाटलं.

*

पण कविताला राज्य स्पर्धेत उतरायचं तर आमच्या असोसिएशनला मान्यता हवी. ती नसेल तर पोरीचं वर्ष फुकट. राज्य संघटनेचे साहेब मैदान बघायला येणार ठरले ते नेमके मे महिन्यात. गवत पार वाळून पिवळं पडलेलं. मी रडकुंडीला आलो.

"टेन्शन मत लो," जयेशभाई म्हणाले.

साहेब यायच्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर मैदान हिरवंगार! साहेब खूश. सोबत कविता खेळत होती. तिनं लांबून असा काही फटका मारला की चेंडू सरळ होलमध्ये! साहेबांनी स्वतः वाकून तो काढला.

चेंडू हिरवा. बोटं हिरवी. बूटही हिरवे.

कविता माझ्याकडे बघायला लागली, मी झेंड्याकडे. साहेबांनी शांतपणे विचारलं, "ये रंग धोने से निकल जाएगा?"

जयेशभाईंना ते फारच लागलं. छाती पुढे काढून म्हणाले, "निकल जाएगा? साहेब, अपनी मिल का रंग आज तक नहीं निकला! गॅरंटी!"

मान्यतेचं पत्र ऑफिसात फ्रेम करून लावलंय. सहीशेजारी अंगठ्याचा हिरवा ठसा आहे. अजून जराही फिका पडलेला नाही.