एकशे अडतीस किलोंचं गुपित

घरातला एक माणूस बारीक व्हायला लागला की त्याच्याभोवतीचे किस्से फुगत जातात. आमच्याकडे तर वर्ष पुरं व्हायच्या आत इतके साठलेत, की मी एरवी न बोलणारी, पण मैत्रिणी भेटल्या की दुसरं काही सुचत नाही. हे सगळं घडत होतं तेव्हा मी घाबरलेली होते. आता हसते. तेसुद्धा आधी आजूबाजूला बघून!

माणसं मोजकीच. नवरा महेश, रोह्याला कंपनीत शिफ्टमध्ये. घरात मी त्याला 'अहो' म्हणते, मनात महेश. इथे मनातलंच लिहिते. सासरे अण्णा, एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. आणि सासूबाई. घर वरसेला, माझं माहेर पेणला.

लग्नाला दोन महिने झाले नव्हते तेव्हा लक्षात आलं, की झोपेत महेशचा श्वास मध्येच थांबतो. परत सुरू होईपर्यंत मी आकडे मोजत पडायचे. शेवटी मीच हट्टानं डॉक्टरकडे नेलं. वजन भरलं एकशे अडतीस. तपासण्या झाल्या, दुसरे डॉक्टर झाले आणि पोट लहान करायचं ऑपरेशन ठरलं. म्हणजे बरं झालं तर डॉक्टरांमुळे, बिघडलं तर नव्या सुनेमुळे!

सर्जन शांतपणे म्हणाले, "जादा वजनातलं बरंचसं जाईल, सगळं नाही. वर्ष-दीड वर्ष लागेल. आधी भरभर उतरेल, मग हळू, मध्ये थांबेलसुद्धा. आणि खाण्याची शिस्त जन्मभर."

सासूबाईंनी मान डोलावत सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे दिवाळीपर्यंत पंचाहत्तर होईल ना?"

बाहेर आल्याबरोबर त्यांनी मला शपथ घातली. "कोणाला बोलायचं नाय. लोक म्हणतील, मुलात खोट होती, लपवून लग्न केलं. पेणला तुझ्या आईलासुद्धा नाय!"

शेजारी सांगितलं, महेश कंपनीच्या ट्रेनिंगला गेलाय. महिन्यानं तो अंगणात दिसला तेव्हा सुशीलाकाकू कुंपणावरून ओरडल्या, "कसलं गो ट्रेनिंग हे, बिनजेवणाचं?"

* * *

पहिल्या महिन्यात दहा-साडेदहा किलो उतरले. घरात आनंदीआनंद! महेश चमच्यानं वरणाचं पाणी पीत होता, अर्धी वाटी संपवायला अर्धा तास लागत होता, आणि अण्णा त्याच्यासमोर वही घेऊन बसले होते.

आयुष्यभर गाड्यांच्या वेळा लावलेला माणूस. त्यांनी वजनाचं टाइमटेबल बनवलं. अमुक तारखेला अमुक किलो, तमुक तारखेला तमुक. पट्टीनं रेघा, लाल पेननं आकडे. वही फ्रिजवर ठेवली आणि म्हणाले, "ही गाडी लेट होता कामा नये!"

दुपारी मी आणि सासूबाईंनी सहज शेवटचं पान उघडलं. पुढच्या गणपतीला महेशचं वजन होणार होतं तीन किलो.

सासूबाई कपाळावर हात मारून अण्णांना म्हणाल्या, "अहो, जन्मला तेव्हा साडेतीन होता!"

* * *

गाडी लेट झालीच. तिसऱ्या महिन्यात काटा एकशे सतरावर येऊन बसला तो हलेना. एक आठवडा, दोन आठवडे, तीन.

महेश दिवसातून पाच वेळा काट्यावर चढायचा. काटा स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून ओटीवर. फरशी बदलली की वजन बदलेल अशी आशा! जेवण कमी होतंच, ते आणखी कमी केलं. चेहरा उतरला, चक्कर येऊ लागली.

एका रविवारी कोणाला न सांगता आम्ही निडीला गेलो. तिथे त्याच्या मामांची भाताची गिरणी. मामांना ऑपरेशनचं माहीत नाही. महेश म्हणाला, "सहज बघतो," आणि भाताची पोती तोलायच्या काट्यावर उभा राहिला.

मामांनी आकडा बघितला. भाच्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अंगात शर्ट, पँट, पायात बूट.

"काय रे, बारदान वजा करून सांगू की धरून?"

महेश हसला नाही. घरी येऊन मी हॉस्पिटलला फोन लावला. आहारवाल्या बाई म्हणाल्या, "थांबणारच. ऑपरेशन फसलेलं नाही. जेवण तोडू नका, प्रोटीन वाढवा. वजन आठवड्यातून एकदाच, आणि नवऱ्यापेक्षा तुम्हीच जास्त घाबरलाय, पाणी प्या!"

* * *

वरसेत बातमी फुटलीच. पण ऑपरेशनची नाही, माझी. "पेणची सून नवऱ्याला उपाशी ठेवते!"

भाजीवालीकडे सुशीलाकाकूंनी माझ्या पिशवीत डोकावून विचारलं, "पाव किलो भेंडी? चौघांना?"

मी म्हटलं, "अर्धा किलो द्या." काय बोलणार? खरं सांगावं तर शपथ, न सांगावं तर मी कैदाशीण. जास्तीची भेंडी घरी निबर होऊन गेली, पण त्या आठवड्यापुरती माझी अब्रू राहिली.

मग काकूंनी मोहीमच काढली. महेश शिफ्टला निघाला की फाटकापाशी त्याच्या हातात डबा. घावणे, खोबऱ्याची चटणी, कधी साटोऱ्या. "बायकोला नको सांगू हां रे बाळा!" महेशला एक घावणा जात नव्हता. तो डबा घेऊन मागच्या दारानं घरात यायचा आणि अण्णांना द्यायचा.

महिनाअखेरीला महेशचे चार किलो उतरले आणि अण्णांचे चार चढले. घराचं एकूण वजन जिथल्या तिथे!

* * *

नऊ महिने झाले तेव्हा महेश एकशे एकवर होता. मध्यंतरी केस गळले, पोटाची कातडी सैल पडली. आरशासमोर तो बराच वेळ उभा राहायचा. एकदा म्हणाला, "एवढं करून हेच?"

मला वाटलं, आता पुढचं वाक्य येणार, तू सांगितलंस म्हणून केलं. ते आलं नाही. मी मात्र चार दिवस त्याची वाट बघत होते.

तपासणीला गेलो तेव्हा त्यानं डॉक्टरांना थेट विचारलं, "पंचाहत्तर कधी?"

"कदाचित कधीच नाही. अजून थोडं उतरेल. नव्वदच्या आसपास थांबलात तरी मी खूश."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "झोपेत श्वास अडकतो का अजून?"

त्या केबिनमध्ये मी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "नाही. आता नुसते घोरतात."

डॉक्टर इतके हसले की बाहेरची नर्स आत आली. महेशसुद्धा हसला. मी घरी येईपर्यंत लाजत होते.

* * *

आणि मग अधिक महिना आला. लग्नानंतरचा पहिलाच! जावयाला जेवायला बोलवायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. आईचा फोन आला. माझी आई आग्रह करायला बसली की पाहुणा उठताना भिंत धरतो.

निघताना सासूबाई दारात म्हणाल्या, "जेवणाचं तू सांभाळ. पण आईकडे काय बोलायचं नाय हां!"

वडखळला एसटी अडकली. महेश खिडकीतून बाहेर बघत पुटपुटला, "या आठवड्यात चारशे ग्रॅमच." मला त्याच्या ग्रॅमचं सुचत नव्हतं. मी म्हटलं, "पित्त झालंय म्हणून सांगा."

"आणि गोड? गोड खाल्लं की घाम फुटतो मला."

"मग खूप पित्त झालंय म्हणून सांगा!"

पेणला आईनं पाट मांडला, रांगोळी काढली आणि महेशपुढे ताट ठेवलं. ताट कसलं, बशीच! एक चमचा भात, त्यावर वरण, दोन चमचे उसळ, पनीरचे दोन तुकडे. वरसेतली बोलणी इथवर पोचली असणार. आई रागावलीय, जावयाचा असा अपमान करतेय, आता मलाही सुनावणार.

पण आई समोर बसून पदरानं वारा घालत होती. "सावकाश जेवा. घाई नाय." आग्रह एकदाही नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी असं दृश्य पाहिलं नव्हतं.

महेशनं बशी संपवली. अर्धा तास लागला. मग आईनं आतून वाणाचं तबक आणलं. त्यात दिवा आणि तेहतीस अनारसे. एकेक रुपयाच्या नाण्याएवढा. प्रत्येकावर खसखस लावलेली, एकही तुटलेला नाही. सकाळपासून हेच करत बसली असणार.

महेश माझ्याकडे बघायला लागला. मी "पित्त" म्हणायला तोंड उघडलं.

आईनं त्यातला सगळ्यात लहान अनारसा निवडून त्याच्या हातावर ठेवला.

"एक घ्या हो, जावईबापू. विहीणबाई म्हणाल्या फोनवर, गेल्या रविवारी चारशे ग्रॅम उतरलंय. एवढ्याशानं काय होत नाय!"