साहेबाची वऱ्हाडी

परसराम गेल्याची बातमी मला कॉलेजच्या शिपायानं दिली. ‘ते इंग्रजीवाले सर... तुमचे दोस्त होते ना पहिले?’ पहिले! दीड महिना झाला, तो शब्द अजून टोचतो. वर शोकसभेत कुणीतरी त्याला ‘शुद्ध इंग्रजीचे उपासक’ म्हणालं. अरे, शुद्धाशी त्या माणसाचं जन्मभर वाकडं होतं!

फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यातला हा गडी. घरात गोरबोली, गावात वऱ्हाडी, आणि इंग्रजी शिकला ती रद्दीतल्या फाटक्या कादंबऱ्यांतून. आम्ही दोघं एकाच कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. माझ्या घरात तीन पिढ्या कचेरीतल्या, त्यामुळे माझी इंग्रजी कशी, कडक इस्त्रीची. तो मात्र गोऱ्यांच्या गल्लीबोळातले, गुत्त्यातले शब्द वहीत टिपायचा आणि समोर वऱ्हाडी अर्थ लिहायचा. ‘साहेबाचीबी एक वऱ्हाडी असते, राजाभाऊ,’ म्हणायचा. ‘गटार आहे ते,’ असं म्हणून मी नाक मुरडायचो. तो हसून चहा पाजायचा.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. परदेशी बातमीदार गाड्या भरून येऊ लागले आणि त्यांना दुभाषा हवा असे. परसराम दोनदा गेला, तिसऱ्यांदा नाही म्हणाला. का, तर ‘त्याईचं आपसातलं बोलनं मले समजते ना.’ मला वाटलं, नखरे. मी गेलो. झरी जामणीकडच्या एका गावात शेवंताबाई कॅमेऱ्यापुढं बसल्या. नवरा जाऊन महिना झाला होता. प्रत्येक प्रश्नाला त्यांनी नीट उत्तर दिलं, पण रडल्या नाहीत. एक बातमीदार दुसऱ्याला काहीतरी म्हणाला, त्यात ‘डड’ असा शब्द होता. ते हसले. मीही हसलो... काही न समजता! इंग्रजीच्या प्राध्यापकानं अर्थ कसा विचारायचा?

दुसऱ्या दिवशी मीच हे मजेत परसरामला सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला.

‘डड म्हंजे फुसकी. बाई फुसकी निघाली, म्हने तो. रडली नाही म्हनून. अन् तू हासला?’

‘मला कुठं कळलं होतं रे...’

‘मंग जाय. तिची माफी मांगून ये.’

‘तिला तरी कुठं कळलंय?’

तो उठून गेला. पुढं अकरा वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसलो, पण तो माझ्याशी बोलला नाही. मीही त्या गावाला गेलो नाही. ताठा, दुसरं काय! एवढा चांगला दोस्त मी ताठ्यापायी घालवला.

तो गेल्यावर मात्र राहवेना. मागच्या आठवड्यात गेलो. शेवंताबाई आता थकल्यात. परसराम सरांच्या कॉलेजातला आहे म्हटल्यावर त्यांनी अंगणातली बाज दाखवली. ‘इथंच बसत सर. दर दिवाळीले येत. माह्या पोरीले इंग्रजी त्याईनंच शिकवली.’ त्याच्या बाजेवर बसायचं धाडस होईना, म्हणून ओट्याच्या कडेला टेकलो. माफीची वाक्यं वाटेत घोकली होती, चांगली शुद्ध मराठीत. बाई माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिल्या. मी बोलणार, तेवढ्यात त्यांनी आत लेकीला हाक दिली.

‘चहा मांड वं. ते हासनारे सर आले.’